एल्विसचं सोंग: टेबलटॉप खेळासाठी जादूची एक परंपरा बांधताना

टेबलाभोवती बसून आपापलं पात्र वठवत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात कोणी 'एल्विस प्रेस्ली या अमेरिकी गायकाचं सोंग घेऊन जादू करणारा' असं पात्र मागितलं की टेबलावर आधी हशा पिकतो. पिकू द्यावा. पण तिसऱ्या सत्रातही तो नुसता विनोदच राहिला असेल, तर परंपरा बांधताना चूक झाली आहे. ही चूक बहुतेक वेळा एकच असते: जादू एल्विसमध्ये ठेवलेली असते. एल्विस थोर, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा थोर, असा सरळ हिशोब. त्यात ना धोका ना गंमत. कपडे चढवले, शक्ती आली, उतरवले, गेली.

जादू ठेवायची ती फटीत. समोर बसलेल्याला पक्कं ठाऊक असतं की हा तो नव्हे, तो 16 ऑगस्ट 1977 रोजी मेम्फिसला वारला. तरीही एखाद्या वळणावर, मान तिरकी झाली की, अर्ध्या क्षणासाठी त्याला विसर पडतो. त्या विसरातून शक्ती मिळते. खाली दिलेले नियम, आकडे आणि पथ्यं सगळी या एका कल्पनेवर उभी आहेत. परंपरा काल्पनिक आहे, पण तिला लावलेले तपशील खऱ्या एल्विसचे आहेत आणि ते तसेच ठेवावेत. मनचे तपशील घातले की सोंग ढिलं पडतं.

परंपरेची मूळकथा

एल्विसचा जन्म 8 जानेवारी 1935 चा, मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावचा. तो जुळ्यातला धाकटा. आधी आलेला भाऊ, जेसी गॅरन, मृतच जन्मला. ग्रेसलँड या एल्विसच्या मेम्फिसमधल्या घराच्या बागेत त्याच्या कबरीजवळ त्या भावाच्या नावाचीही एक लहान पाटी आहे. इथे परंपरेचा पाया घालावा: सोंगी लोक मानतात की आपण एल्विसच्या जागी उभे राहतच नाही. ती जागा भरलेली आहे. आपण उभे राहतो त्याच्याशेजारच्या रिकाम्या जागेत. म्हणून कितीही माणसं एकाच वेळी सोंग घेऊ शकतात, आणि म्हणूनच सोंग कधी पुरं होत नाही.

दुसरा धागा केसांचा. एल्विसचे मूळ केस फिकट तपकिरी होते, काळा रंग लावलेला असे. म्हणजे एल्विससुद्धा एल्विसचं सोंग घेत होता. नवशिक्या सोंग्याला गुरूने शिकवायचं पहिलं वाक्य हेच.

साम्य कसं मोजायचं

चार गोष्टी: केस, पोशाख, आवाज, चाल. प्रत्येक जमली तर 1 गुण, म्हणजे साम्य 0 ते 4. चेहरा मुद्दाम मोजलेला नाही. चेहऱ्याला गुण दिले की खेळाडू पात्र बनवतानाच हुबेहूब चेहरा मागतो आणि पुढे काही कमवायचं उरत नाही.

केस रंगवलेले असतील तर गुण कायमचा. टोप असेल तर कोणी हात लावेपर्यंत. पोशाख त्या-त्या काळाशी जुळलाच पाहिजे. 1956 ची चाल आणि 1973 चा पांढरा जंपसूट (वर-खाली अखंड पोशाख) असा काला केला तर दोन्ही गुण बाद. चाल म्हणजे पायाची थरथर आणि खांद्याचा ढिलेपणा. खेळाडूने टेबलावर उठून नाचायची गरज नाही, एका वाक्यात वर्णन पुरे.

आवाजावर मात्र मेहनत घ्यावी, कारण मराठी टेबलावर सगळ्यात आधी तोच बिघडतो. खेळाडू अमेरिकी हेल काढायला जातो, आभार मानणारं ते प्रसिद्ध वाक्य ओठ वाकडा करून चौदाव्यांदा म्हणतो, आणि प्रसंग तिथेच संपतो. हेल नकोच. एल्विसच्या बोलण्यातली धरण्यासारखी गोष्ट म्हणजे अदब. तो समोरच्याला 'सर', 'मॅम' म्हणायचा, मुलाखतीतही. मराठीत खेळताना याचा नियम सोपा होतो: सोंगात असताना पात्राने कोणालाही अरे-तुरे करायचं नाही. वेटरला नाही, बंदूक रोखून उभ्या असलेल्या शत्रूलाही नाही. 'अहो, जरा बाजूला होता का' एवढंच, हळू, वाक्याचा शेवट खाली सोडत. तोंडून एकदा 'अरे' निसटलं की त्या प्रसंगापुरता आवाजाचा गुण गेला. हा एक नियम लावला तरी अर्धं पात्र आपोआप उभं राहतं. शिवाय बाकीचे खेळाडू 'अरे' पकडायला टपून बसतात, तेही बरंच.

टाळ्या

शक्तीचं एकक 'टाळी'. ती प्रेक्षकांशिवाय मिळत नाही. आरशासमोर नाही, रेकॉर्डिंगवरून नाही, झोपलेल्यांसमोरही नाही. किमान 5 जागी माणसं हवीत. 5 माणसांपुढे 1 टाळी, 50 पुढे 2, 500 पुढे 3. एका रात्रीत एवढीच. दर वेळी खेळाडूने एका वाक्यात सांगायचं की नेमका कोणाला, कशामुळे विसर पडला. 'सगळे खूश झाले' हे उत्तर चालवू नये. 'तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी ग्लास ओठापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला', हे चालेल.

साठा जास्तीत जास्त 7 टाळ्यांचा, आणि दर सूर्योदयाला एक टाळी विरते. ही गळती काढून टाकावीशी वाटेल, काढू नका. तिच्यामुळे काय होतं ते बघा. पाच माणसांपुढे रोज कार्यक्रम केला तरी साठा कायम एकच राहतो, कारण रात्री एक येते आणि पहाटे एक जाते. पन्नासांपुढे रोज केला तर 2, 3, 4, 5 करत पाचव्या रात्री 6 होतात. पाचशेंपुढे तिसऱ्याच रात्री साठा 7 वर पोचतो. म्हणजे मोठी जादू हवी असेल तर पात्राला सलग कार्यक्रम लावावे लागतात, सभागृह मिळवावं लागतं, बाकीच्या मंडळींना तिकिटं फाडायला दारावर उभं राहावं लागतं. गोष्ट तिथूनच सुरू होते.

एल्विस लास व्हेगासमध्ये एका रात्री दोन-दोन कार्यक्रम करायचा, म्हणून जंपसूट काळातल्या सोंग्याला दुसऱ्या कार्यक्रमाची मुभा द्यायला हरकत नाही. त्याची किंमत 'मुळा'तली एक ओळ. मूळ म्हणजे काय ते पुढे येईलच.

काळ निवडणं

पात्र बनवतानाच एक काळ निवडायचा, नंतर तो बदलता येत नाही.

पहिला काळ 1954 ते 1957. मेम्फिसमधल्या सन स्टुडिओत 5 जुलै 1954 रोजी ध्वनिमुद्रण रटाळ चाललं होतं. विश्रांतीत एल्विसने गंमत म्हणून एक जुनं गाणं भरधाव सुरू केलं, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक हे साथीचे वादक त्यात सामील झाले, आणि ज्याची वाट पाहत होते ते सापडलं. म्हणून या काळाची जादू काम थांबलेलं असतानाच चालते: पहारा बदलताना, जेवणाच्या सुट्टीत, लिफ्ट अडकल्यावर. ऐन झटापटीत केलेल्या मंत्राला फाशांवर गाठायचा आकडा 2 ने वाढवावा. आणखी एक मर्यादा: जानेवारी 1957 मध्ये दूरचित्रवाणीवर एल्विसला कमरेच्या वरच दाखवलं गेलं होतं. तेव्हा या सोंग्याचे पाय झाकले गेले, टेबलामागे, काउंटरमागे, उंच गवतात, की चालीचा गुण जातो. चांगल्या जीएमला (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एवढं फर्निचर पुरतं.

दुसरा काळ सैन्याचा, 1958 ते 1960. मार्च 1958 मध्ये एल्विस भरती झाला, केस कापले गेले, आणि 53310761 हा क्रमांक मिळाला. इथे नियम उलटा होतो. केस कापलेले असले तरच केसांचा गुण, आणि जादू न ओळखलं जाण्याची. हेर-पात्र हवं असेल त्यालाच हा द्यावा. इतरांना तो कंटाळवाणा होतो.

तिसरा काळ 1968 चा. जूनमध्ये चित्रित झालेल्या आणि 3 डिसेंबरला दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या कार्यक्रमात एल्विस काळ्या चामड्याच्या कपड्यांत, चहूबाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांच्या मध्ये बसून गायला. लोकांनी संपला म्हणून सोडून दिलेला माणूस परत आला, म्हणून परत आणण्याची जादू या काळाची. अट एवढीच की प्रेक्षक सर्व बाजूंनी हवेत. पाठ भिंतीला लागली की ती चालत नाही.

चौथा, जंपसूटचा, 1970 पासून. उंच कॉलर, पोटऱ्यांपाशी पसरणारी पँट, खड्यांचं काम, पुढे केपही (खांद्यांवरून पाठीवर सोडलेला झगा). बिल बेल्यू हा यांतल्या बहुतेक पोशाखांचा रचनाकार. मोठ्या गर्दीची आणि देऊन टाकण्याची जादू. नवख्या खेळाडूला हाच काळ सोपा पडतो.

चित्रपटांतला एल्विस कोणी मागितला तर नाही म्हणावं. तिथे तो आधीच दुसऱ्या कोणाचं तरी सोंग वठवत होता, फट उरतच नाही.

मंत्र आणि फासे

सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरजेत साम्य मिळवायचं. लहान मंत्राला 1 टाळी आणि 8 गाठायचे, मधल्याला 3 टाळ्या आणि 10, मोठ्याला 6 टाळ्या आणि 12. साम्य 4 असेल तर यशाची शक्यता अनुक्रमे सुमारे 92, 72 आणि 42 टक्के. साम्य 2 वर हेच आकडे 72, 42 आणि 17 होतात. अजिबात साम्य नसलेल्याला मोठा मंत्र छत्तीसात एकदा लागेल. टाळ्या यश आलं नाही तरी खर्च होतात.

लहान मंत्रांत 'थरथर' घ्यावाच: मनात तीन मोजेपर्यंत सगळ्या नजरा सोंग्याच्या डाव्या पायावर खिळतात, आणि तेवढ्यात दुसऱ्याने जे करायचं ते करावं. 'ओठाची मुरड' केल्यावर समोरचा माणूस एक वाक्य खोटं न बोलता बोलतो. वाक्य कुठलं ते तोच ठरवतो.

मधला सगळ्यात उपयोगी मंत्र म्हणजे रुमाल. एल्विस रंगमंचावर गळ्यात रेशमी स्कार्फ घालायचा, त्याने घाम टिपायचा आणि पुढच्या रांगेत देऊन टाकायचा. लगेच सहकारी दुसरा गळ्यात अडकवायचा. खेळात ज्याला रुमाल मिळाला त्याच्यावर येणारा पुढचा एक घाव सोंग्यावर येतो. घाम खरा हवा. पाण्यात भिजवून आधीच पाच रुमाल तयार ठेवण्याची युक्ती प्रत्येक टेबलावर कोणीतरी काढतंच. ते रुमाल ओले राहतात, एवढाच त्यांचा परिणाम.

मोठ्यांत 'परतणं' हा 1968 वाल्यांचा. हरवलेली, मोडलेली किंवा संपलेली एक वस्तू परत येते, पण नक्कल म्हणून. मूळ वस्तू कुठे उरली असेल तर तीही त्या क्षणी संपते. माणसावर वापरू द्यावा का हा प्रश्न येणारच. द्यावा, पण एकदाच. 'केप' हा जंपसूटवाल्यांचा: जानेवारी 1973 मध्ये होनोलुलूच्या कार्यक्रमाच्या शेवटी एल्विसने केप प्रेक्षकांत भिरकावली होती. सोंगी केप फेकतो, आणि ती झेलणारा पहाटेपर्यंत सर्वांना सोंग्यासारखा दिसतो, शत्रूंनाही.

एक गोष्ट या परंपरेला कधीच जमत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तिकिटांतून मिळेल ते मिळेल. मंत्राने पैसा, सोनं, खोट्या नोटा काहीही निर्माण होत नाही. हे पहिल्याच सत्रात सांगून टाकावं.

मूळ, म्हणजे खरी किंमत

पात्राच्या कागदाच्या मागे खेळाडूने सात ओळी लिहायच्या. पात्र सोंगाखाली कोण आहे त्याच्या. मंत्र टाकताना दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला, यश असो वा नसो, की एक ओळ खोडायची. हे सहांत एकदा होतं. सत्राला तीन मंत्र धरले तर दोन सत्रांना एक ओळ, म्हणजे सात ओळी साधारण चौदा सत्रं पुरतात. पाचच सत्रांचा खेळ असेल तर तीन ओळी लिहा, नाहीतर किंमत कधी वसूलच होत नाही.

परंपरा फसते ती बहुतेकदा इथे. 'आवडता रंग निळा' अशी ओळ गेली काय नि राहिली काय. ओळ अशी हवी की ती गेल्यावर खेळात एक दार बंद व्हावं: स्वतःची सही, बहिणीचा पत्ता, पोहता येणं, मेलेल्या मित्राचं नाव.

एक प्रसंग सावकाश पाहू. मोटेलच्या जेवणघरात बारा माणसं, सोंग्याचं साम्य 3, साठा 4. मागच्या दाराने मित्राला बाहेर काढायचं आहे आणि त्याच्यावर नेम धरलेला आहे. सोंगी घाम टिपून रुमाल त्याच्या गळ्यात टाकतो: 3 टाळ्या गेल्या. फासे 4 आणि 4. आठ अधिक तीन, अकरा. दहा हवे होते, मंत्र लागला. गोळी मित्राला न लागता सोंग्याच्या खांद्यात शिरली. पण जोडी आली. खेळाडू कागद उलटतो आणि 'आईला कोणत्या नावाने हाक मारतो' ही ओळ खोडतो. त्या सत्रात काहीच होत नाही. पुढच्या सत्रात जीएमने फोन वाजवायचा. पलीकडे आई आहे. पात्राला ती कोण ते कळतं, पण हाक तोंडात येत नाही, आणि ते तिला अदबीने 'मॅम' म्हणतं. जीएमने एवढंच करावं, वर काही बोलू नये.

वसा

उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. पथ्यं तीन.

'तू खरंच तोच आहेस का?' असं कोणी गांभीर्याने विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही. म्हटलं तर साठा शून्य आणि दोन ओळी बाद. गप्प राहिलेलं चालतं. खऱ्या जगातही एल्विसचं सोंग घेणाऱ्या कलाकारांपैकी बरेच जण स्वतःला 'ट्रिब्यूट आर्टिस्ट', म्हणजे आदरांजली वाहणारा कलाकार, म्हणवणं पसंत करतात. खेळात यातून दोन तट पाडता येतात: वसा पाळणारे, आणि 'तोच मी' म्हणणारे. दुसऱ्या तटाला टाळ्या कशा मिळतात, हे जीएमने गुपित ठेवावं.

एकाच काळाचे दोन सोंगी एका खोलीत आले की दोघांचंही साम्य 1 ने उतरतं. कारण साधं आहे, प्रेक्षक तुलना करू लागतात आणि विसर पडत नाही.

तिसरं पथ्य निघून जाण्याचं. डिसेंबर 1956 मध्ये अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट शहरात एल्विस गाऊन गेल्यावरही लोक जागचे हलेनात, तेव्हा निवेदकाने जाहीर केलं की एल्विस इमारतीतून निघून गेले आहेत. पुढे हेच वाक्य त्याच्या कार्यक्रमांचा शेवट झालं. खेळात सोंग उतरवायचं तर हे वाक्य दुसऱ्या कोणीतरी, मोठ्याने म्हणावं लागतं. सोंग्याने स्वतः म्हटलेलं धरत नाही. कोणी म्हणालं नाही तर पात्र तसंच झोपतं आणि सकाळी एक ओळ जाते. म्हणूनच गटात जादू न येणाऱ्या एखाद्या पात्राला निवेदक नेमावं. जादूवाल्या पात्रापुढे बाकीचे नुसते बसून राहतात ही जुनी तक्रार यातून बरीचशी मिटते, आणि शत्रूलाही कळतं की आधी कोणाचं तोंड बंद करायचं.

किरकोळ पण कामाचं

नावावर चालणारी जादू सोंग्याला लागत नाही. एल्विसच्या मधल्या नावाचं स्पेलिंग जन्माच्या वेळी एका 'ए'चं, कबरीवर दोन 'ए'चं. मांत्रिकाने धरायचं कोणतं? 15 ऑगस्टच्या रात्री ग्रेसलँडच्या दारी चाहते मेणबत्त्या घेऊन जमतात. त्या रात्री टाळी मिळत नाही. लोक तिथे विसरायला आलेले नसतात. गाण्यांचे शब्द टेबलावर वाचू नका, प्रसंग मंदावतो. आणि खेळ छापून विकायचा असेल तर एल्विसचं नाव-रूप वापरू नका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, म्हणजे मेम्फिस ज्यात येतं तिथे, 1984 पासून व्यक्तीच्या नावावर आणि छबीवर मृत्यूनंतरही हक्क राहील असा कायदा आहे. विक्रीसाठी स्वतःचा गायक रचा. त्याला दुरून ओळखू येणारी आकृती हवी, वेगवेगळे तीन-चार काळ हवेत, मृत्यूची पक्की तारीख हवी, आणि तो गेल्याचं सांगणारं एक वाक्य हवं. त्याची गाणी नेमकी कशी होती हे ठरवायची गरज बहुधा पडतच नाही.

ग्रेसलँड 7 जून 1982 पासून लोकांसाठी खुलं आहे, पण वरचा मजला पाहुण्यांना बंद असतो. मोहीम शेवटी तिथेच येऊन थांबणार, तेव्हा वर काय आहे हे आधी ठरवून ठेवू नका. पायऱ्या दाखवा. ज्याच्या सातही ओळी खोडून झाल्या आहेत तोच वर जाऊ शकतो. तो गेला की खेळाडूने पात्राचा कागद जीएमकडे द्यायचा, आणि निवेदकाला विचारायचं की वाक्य म्हणणार की नाही.